शिशाशी सोयरीक

आमच्या काकांकडे जर्मनीतला शिकारीचा परवाना आहे आणि ते अंडंसुद्धा खात नाहीत, असं मी सांगतो तेव्हा लोक आधी हसतात आणि मग विचारतात, परवाना कशाला मग? मी त्यांच्या घरात वरच्या मजल्यावर चार वर्षं भाडेकरू म्हणून राहिलो, तरी या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला अजूनही बराच वेळ लागतो.

काका नात्यानं माझे कोणी नव्हेत. लुडविग्सहाफेनला नोकरी लागली आणि महिनाभर वोनुंग, म्हणजे भाड्याचं घर, मिळेना, तेव्हा कोणीतरी त्यांचा नंबर दिला. फोनवर त्यांनी नाव-गाव, पगार, स्वयंपाकात लसूण वगैरे काहीच विचारलं नाही. काम कशावर करता, एवढंच विचारलं. मी म्हटलं, उत्प्रेरकांवर. "त्यात शिसं असतं का?" म्हटलं, नाही. "बरं. या मग रविवारी," ते म्हणाले. मला वाटलं, आरोग्याची काळजी असेल. तसं नव्हतं. शिसं असतं तर गप्पा जास्त रंगल्या असत्या, म्हणून विचारलं होतं.

गाव ऱ्हाईनच्या काठी, पण आताच्या ऱ्हाईनच्या नव्हे. फार पूर्वी नदी सरळ केली तेव्हा जी वळणं बाजूला पडली, त्यातलं एक गावाच्या मागे होतं. त्याला आल्टराइन म्हणतात, म्हणजे म्हातारी ऱ्हाईन. माझ्या खिडकीतून तिचं साचलेलं पाणी, लव्हाळी, वाळुंजाची झाडं आणि हिवाळ्यात बदकांचे थवे दिसत. त्या खिडकीचं भाडं काकांनी कधी वाढवलं नाही. मात्र बदकं किती आहेत, कुठल्या बाजूला बसलीत, हे मी कामावरून आल्यावर सांगावं अशी त्यांची अपेक्षा असे.

ते मूळचे मिरजेचे. शिकले धातुशास्त्र, पहिली नोकरी कोल्हापूरच्या एका फाउंड्रीत, आणि पुढची सगळी इथं, जर्मनीत, बेअरिंगच्या मिश्रधातूंवर. उंच, काटकुळे, पँट पोटाच्या बरीच वर ओढलेली, गळ्यात बारमाही मफलर. कुठलीही वस्तू हातात आली की आधी ती तळहातावर तोलून बघायची सवय. बटाटा, चावी, काकूंचा बेसनलाडू, सगळं. "घनता वाढलीय," असं ते लाडवाबद्दल म्हणत आणि काकूंना त्याचा अर्थ तूप कमी पडलं असा कळत असे. माणसांनाही त्यांनी हेच माप लावलेलं होतं. मराठी मंडळाच्या एका उत्साही पदाधिकाऱ्याबद्दल त्यांचं मत होतं, "माणूस छान. घनता कमी."

शिशावर त्यांचा जीव होता, हे आधी समजून घेतलं पाहिजे, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. बेअरिंगमध्ये शिसं का घालतात, हे ते कुणालाही सांगत. वाण्याच्या दुकानात रांगेत उभ्या असलेल्या जर्मन बाईलासुद्धा. शिसं मऊ असतं, स्वतः झिजतं, पण फिरणाऱ्या शाफ्टवर ओरखडा उठू देत नाही. "घरातल्या थोरल्या सुनेसारखं आहे ते," असं ते एकदा माझ्यासमोर म्हणाले. काकू भाजी चिरत होत्या. त्यांनी मान वर न करता विचारलं, "आणि शाफ्ट कोण?" काकांनी विषय बदलला.

नोकरीच्या शेवटच्या वर्षांत सगळ्याच यंत्रांतून शिसं काढायचं ठरलं आणि ते काढायचं काम काकांकडेच आलं. त्यांनी ते चोख केलं. पण घरातल्या माणसाला आपल्याच हातानं बाहेर काढल्यासारखं वाटलं, असं ते म्हणत. निवृत्तीच्या समारंभात मुलीनं त्यांच्याबद्दल जर्मनमध्ये चार शब्द बोलावेत म्हणून काकूंनी तिला सुचवलं, तर ती म्हणाली, "आल्झो, पापांबद्दल बोलायचं तर शिशाबद्दल बोलावं लागेल, आणि ते आता फर्बोटन आहे." फर्बोटन म्हणजे बंदी. काकांना तो विनोद आवडला नाही.

हंसाची गोष्ट मी राहायला जायच्या आधीची, काकूंकडून ऐकलेली. दोघं सकाळी पाण्याकाठी फिरायला गेले असताना एक हंस गवतात बसलेला दिसला. माणूस जवळ आला की हंस फिसकारतो, पंख पसरतो. हा हलला नाही. त्याची मान ओल्या दोरासारखी पाठीवर पडली होती. काकांनी आपला कोट काढून त्यात त्याला गुंडाळलं आणि उचललं, आणि उचलल्या उचलल्या म्हणाले, हा फार हलका आहे. गाडीत काकूंनी त्याला मांडीवर धरलं. त्यांची शाल हिरव्या विष्ठेनं कायमची खराब झाली.

जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे काढला. पोटात पांढरे ठिपके दिसत होते. बाईंनी समजावून सांगितलं, की या पक्ष्यांना दात नसतात, म्हणून ते बारीक खडे गिळतात. पोटात एक जाड पिशवी असते, तिच्यात ते खडे जात्यासारखे फिरून दाणे भरडतात. चिखलात खड्याच्या आकाराचे शिकारीचे छर्रे पडलेले असतात. पक्ष्याला त्यातला फरक कळत नाही. छर्रे भरडले जातात, पोटातल्या आम्लात विरघळतात, शिसं रक्तात जातं, नसा लुळ्या पडतात. घशाशी आलेला घास खाली उतरत नाही आणि भरल्या तोंडानं पक्षी उपाशी मरतो. हा हंस वाचण्यासारखा नव्हता. त्याला इंजेक्शन देऊन झोपवलं.

काकांनी ते छर्रे मागून घेतले. एका बाटलीत बाईंनी दिले. घरी येऊन त्यांनी भिंगातून ते बराच वेळ पाहिले. चपटे, झिजलेले, गुळगुळीत. काकू मला म्हणाल्या होत्या, "दोन दिवस हे कुणाच्या मयताला जाऊन आल्यासारखे बसून होते. मला कळेना, सुतक हंसाचं पाळतायत की शिशाचं."

तिसऱ्या दिवशी बाटली घेऊन ते गेरहार्डकडे गेले.

गेरहार्ड हा गावातला मुळ्याचा शेतकरी. लाल, गोल, छोटे मुळे, जे जर्मन लोक मीठ लावून कच्चे खातात. जर्मनीत गावाच्या सगळ्या शिवारातल्या शिकारीचे हक्क कोणातरी एकाला किंवा दोघांना भाडेपट्ट्यानं देतात; तो मानही त्याच्याकडेच होता. धिप्पाड, कमी बोलणारा, बायको वारलेली. त्यानं दारातच काकांचं सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे उत्तर दिलं. पाण्यावर शिसं वापरायचं नाही हा नियम त्याला माहीत होता आणि तो पाळतही होता. तिथं तो पोलादाचेच छर्रे वापरायचा. बाटलीतलं शिसं त्याच्या बापाच्या किंवा आजाच्या काळातलं असणार. चिखलात पडलेलं आता कोण वेचणार? शेतात सशावर, फेझंट पक्ष्यावर मात्र तो शिसं वापरत होता आणि वापरणार होता. काकांनी विचारलं, शेत कुठं संपतं आणि पाणी कुठं सुरू होतं? पूर येतो तेव्हा? गेरहार्डनं थोडा विचार केला आणि विचारलं, "तुमच्याकडे यागत्शाइन आहे का?"

यागत्शाइन म्हणजे शिकारीचा परवाना. काका म्हणाले, नाही.

"मग आधी तो मिळवा. मग बोलू."

पुढे अनेक वर्षांनी गेरहार्डनं मला सांगितलं, की त्यानं हे केवळ सुटका व्हावी म्हणून म्हटलं होतं. त्या परवान्याची परीक्षा इतकी अवघड, की तिला लोक 'हिरवी बारावी' म्हणतात. ज्याला मुळ्यापलीकडे काही कापायची सवय नाही, असा निवृत्त भारतीय ती देईल हे त्याच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

काकांनी वर्गात नाव घातलं. हरणाचं वय दातांवरून ओळखणं, शिकारी कुत्र्यांच्या जाती, कायदा, बंदुका, रोगट यकृत कसं दिसतं, सगळं. प्रत्यक्षात हरिण साफ करायच्या तासाला ते नाकाला मफलर बांधून पुढच्या रांगेत उभे राहिले. नेमबाजीत ते वर्गात उत्तम निघाले, कारण छर्रा हवेतून कसा जातो ते त्यांना इतरांपेक्षा चांगलं कळत होतं. आणि तोंडी परीक्षेत नापास झाले.

झालं असं, की जर्मन शिकाऱ्यांची एक वेगळी भाषा आहे. सशाच्या कानांना कान म्हणायचं नाही, चमचे म्हणायचं. हरणाच्या डोळ्यांना दिवे म्हणायचं. आणि रक्ताला घाम म्हणायचं. परीक्षकानं जखमी हरणाच्या मागावर काय दिसतं असं विचारलं. काका म्हणाले, रक्त. परीक्षकानं मदत करायच्या हेतूनं म्हटलं, म्हणजे घाम. काका म्हणाले, रक्तात लोह असतं, घामात मीठ असतं, दोन्ही एक कसे? परीक्षकानं परंपरेचा दाखला दिला. काकांनी रासायनिक सूत्रं दिली. दुसऱ्या खेपेला ते घाम म्हणाले आणि पास झाले. ते घामाचं प्रकरण त्यांना आजतागायत पचलेलं नाही.

परवाना घेऊन ते पुन्हा गेरहार्डच्या दारात उभे राहिले. आता त्याला आत बोलावणं भाग होतं. त्यानं कॉफी केली. त्या दुपारी जो वाद सुरू झाला तो त्यानंतर जवळजवळ दर शनिवारी चालला, कधी त्याच्या ओसरीत, कधी काकांच्या बैठकीत, आणि मी वर राहायला गेल्यावर माझ्या जमिनीखाली.

गेरहार्डची बाजू लंगडी नव्हती. त्याचं म्हणणं, पोलाद शिशापेक्षा हलकं. घनता अकरा पूर्णांक तीनच्या जागी सात पूर्णांक आठ, हे आकडे खुद्द काकांनीच त्याला शिकवले होते आणि तो ते काकांवरच उलटवायचा. हलका छर्रा लवकर दम सोडतो. लांबच्या बदकाला तो लागतो, पण मारत नाही. बदक अंगात छर्रे घेऊन उडून जातं आणि लव्हाळ्यात तडफडून मरतं. शिसं निदान जागच्या जागी मारतं. "तुमच्या हंसाला हळूहळू मरण आलं, तसंच हे," तो म्हणायचा. काका म्हणायचे, मग छर्रा जरा मोठा घ्या आणि जवळून मारा. तो म्हणायचा, बदक जवळ येत नाही. काका म्हणायचे, मग मारू नका. तो म्हणायचा, हेच तुमच्या मनात आहे. आणि खरोखरच तेच त्यांच्या मनात होतं.

गेरहार्डची दुसरी अडचण तो फारशी बोलून दाखवत नसे. त्याच्याकडे बापाची जुनी दुनळी बंदूक होती. नळ्या शेवटाला आवळलेल्या. तिच्यातून कडक छर्रे मारले तर नळी फुगण्याची भीती, म्हणून पाण्यावर तो उसनी बंदूक नेई; शेतात मात्र हीच. पोलादासाठी तपासून पास केलेल्या बंदुकीच्या नळीवर लिलीच्या फुलाचा बारीक ठसा असतो. बापाच्या बंदुकीवर ते फूल नव्हतं. शिसं सोडायचं म्हणजे ती भिंतीला टांगायची.

या सगळ्या काळात काकांच्या घरी एक लोखंडी कपाट आलं, कारण परवानाधारकानं बंदूक कपाटात कुलूपबंद ठेवली पाहिजे. घरात ते मावेल अशी एकच जागा होती, देवघराशेजारी. काकूंनी आठवडाभर त्यांच्याशी अबोला धरला. देवघरावरून आधीच एक तंटा होऊन गेला होता. मिरजेहून काकूंच्या भावानं मारुतीला लावायला शेंदूर पाठवला होता आणि काकांनी तो देवघरातून उचलून घातक कचऱ्याच्या केंद्रावर नेऊन दिला होता, कारण शेंदूर म्हणजे शिशाचंच एक रूप. हे त्यांनी काकूंना सविस्तर समजावलं. काकूंनी ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाल्या, "मारुती काही बदक नाही."

दसऱ्याला मात्र काकूंनी स्वतःहून ते लोखंडी कपाट उघडायला लावलं. घरात शस्त्र आहे तर त्याची पूजा झाली पाहिजे. बंदूक पाटावर ठेवली, हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली. बंदूक कोरी होती; कागदाच्या लक्ष्याखेरीज तिनं कशालाही इजा केलेली नव्हती. श्रीखंडपुरी खायला म्हणून बोलावलेला गेरहार्ड हे सगळं बघत उभा होता. त्यानं टोपी काढून हातात घेतली. तेलपाण्याबद्दल काही सूचना कराव्यात असं त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

मग युरोपचाच नियम आला, की पाणथळ जागेत आणि तिच्यापासून शंभर मीटरच्या आत शिशाचे छर्रे नकोत. गेरहार्डनं नकाशा काढून बघितलं. त्याच्या शिवारात ओहोळ, डबकी आणि आल्टराइनचे फाटे इतके, की बापाच्या बंदुकीला मोकळी अशी जागा जवळजवळ उरत नव्हती. गावात बातमी पसरली, की हे त्या इंडरनं, म्हणजे भारतीयानं, ब्रुसेल्सला पत्र लिहून घडवून आणलं. बेकरीत मला एकानं तसं विचारलंही. मी काकांना म्हटलं, तुम्ही नाही म्हणून सांगत का नाही? ते म्हणाले, "कशाला? ब्रुसेल्समध्ये आपलं कोणीतरी ऐकतं, असं गावाला वाटतंय तर वाटू द्या."

त्या वर्षी गेरहार्डनं लिलीचा ठसा असलेली नवी बंदूक घेतली आणि नोव्हेंबरात बदकांच्या शिकारीला सगळ्यांना बोलावलं. काकांना दरवर्षी बोलावणं असे. ते दरवर्षी जात, नेमून दिलेल्या जागी भरलेली बंदूक घेऊन उभे राहत आणि एकही बार न काढता परत येत. बाकीचे शिकारी म्हणत, बदकांना आता त्यांची जागा पाठ झाली आहे, ती मुद्दाम त्यांच्या डोक्यावरून जातात. त्या वर्षी त्यांनी मलाही हाकाऱ्यात नेलं. हातात काठी घ्यायची, लव्हाळ्यातून चालायचं आणि आवाज करायचा. "मराठीत केला तरी चालेल," ते म्हणाले.

दुपार कलत होती. आम्ही हाकारे बांधावर येऊन थांबलो होतो, त्यामुळे मला सगळं समोर दिसलं. एक थवा उठला आणि पाण्याच्या मध्यावरून गेला. गेरहार्डनं बंदूक उचलली. ते अंतर शिशाचं होतं, पोलादाचं नव्हतं; त्याच्या डोळ्यांची आणि खांद्याची सवय जुनी होती. बार झाला. एका बदकाचा पंख लोंबला आणि ते तिरपं होत येऊन काकांच्या समोर, काठाच्या उथळ चिखलात पडलं. मेलं नव्हतं. एका पंखावर गोल गोल फिरत होतं. शिकारी कुत्रा पलीकडच्या तीरावर होता. गेरहार्डला काकांच्या दिशेनं बार काढता येत नव्हता. त्यानं फक्त काकांचं आडनाव एकदा मोठ्यानं उच्चारलं.

जखमी जनावराला तडफडत ठेवायचं नाही, हा नियम काकांना तोंडपाठ होता. त्यांनी तोच प्रश्न परीक्षेत बिनचूक सोडवला होता. ते उभे होते. बदक फिरत होतं. मला वाटलं, ते बंदूक खाली ठेवून हातानं त्याला उचलतील, कोटात गुंडाळतील आणि गाडीकडे पळतील. त्यांनी बंदूक खांद्याला लावली आणि बार काढला.

गेरहार्ड चिखलातून त्यांच्यापाशी आला. त्यानं रीतीप्रमाणे जवळच्या झाडाची डहाळी तोडली, बदकाच्या रक्ताला टेकवली आणि टोपीवर ठेवून काकांपुढे धरली. पहिल्या शिकारीचा मान. काकांनी ती घेऊन आभाराचा ठरलेला शब्द उच्चारायचा असतो. ते डहाळीकडे बघत राहिले आणि जर्मनमध्ये म्हणाले, "तू लांबून मारलंस."

इतकी वर्षं ते एकमेकांना अहो-जाहो करत होते. जर्मन माणसं 'तू'वर येताना हातात ग्लास घेऊन, एकमेकांची परवानगी मागून येतात. गेरहार्ड म्हणाला, "हो. लांबून मारलं." आणि डहाळी धरलेली टोपी तशीच पुढे ठेवली. काकांनी डहाळी घेतली.

ते बदक काकांनी वर्तमानपत्रात गुंडाळून घरी आणलं. काकूंनी ते स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही. गॅरेजमध्ये, मोटारीच्या सामानाच्या टेबलावर, वर्गात शिकवल्याप्रमाणे त्यांनी पोट उघडलं आणि ती जाड पिशवी चिरली. मी दिवा धरला होता. वाळू निघाली, गवताचं बी निघालं, गोगलगायीच्या शंखाचे तुकडे निघाले. ते त्यांनी बशीत पसरून भिंगाखाली घातलं, चिमट्यानं एकेक कण बाजूला केला. शिशाचा कण नव्हता.

"निरोगी होतं," ते म्हणाले.

त्या दिवशी ते जेवले नाहीत. बदक दुसऱ्या दिवशी गेरहार्डला दिलं. त्यानं ते भाजून खाल्लं असणार, कारण शिकार वाया घालवणं त्याच्या धर्मात बसत नव्हतं. पण कसं झालं होतं ते त्यानं सांगितलं नाही आणि काकांनी विचारलं नाही.

दोन शनिवार वाद झाला नाही. मग एका सकाळी खिडकीतून मला गेरहार्ड छातीपर्यंतचे रबरी बूट घालून आल्टराइनमध्ये उभा दिसला. तो पाण्यात खांब ठोकत होता. प्रत्येक शिकाऱ्याच्या जागेपासून पस्तीस मीटरवर एक, डोक्याला पांढरा रंग दिलेला. खांबाच्या पलीकडच्या पक्ष्यावर बंदूक उचलायची नाही, असा त्यानं आपल्या शिवारापुरता कायदा केला. पोलादाला त्याच्या आत काही उणं पडत नाही, हे त्यानं नेमबाजीच्या मैदानावर कागद लावून स्वतः तपासून घेतलं होतं. काकांनी कोटाचा खिसा चाचपला, मापाची फीत काढली आणि ते पाण्याकडे निघाले. मी वरून बघत होतो. एका खांबापाशी बराच वेळ वाद झाला आणि शेवटी गेरहार्डनं तो उपटून हातभर अलीकडे ठोकला.

जुन्या पाहुण्यांपैकी काहींना हे खांब रुचले नाहीत. त्यांनी येणं सोडलं. पुढच्या दसऱ्याला गेरहार्ड श्रीखंडपुरीसाठी आला तो काखेत एक लांब पेटी घेऊन. तीत त्याच्या बापाची बंदूक होती. ती कपाटातून काढून, पुसून, तेल देऊन त्यानं आणली होती आणि तीही पाटावर ठेवता येईल का, असं त्यानं काकूंना विचारलं. काकूंनी दोन्ही बंदुकांना एकाच माळेत गुंफलं. गेरहार्डनं हळदीकुंकवाचे डाग पुसले नाहीत, तशीच पेटीत घातली.

त्यानंतर मी नोकरी बदलून दूर गार्चिंगला गेलो. गेरहार्डला पक्षाघाताचा झटका आल्याचं काकूंनी फोनवर कळवलं. उजवा हात गेला, बोलणं शाबूत राहिलं. बंदूक उचलणं संपलं, म्हणजे शिवार दुसऱ्या कुणाकडे जाणार. शहरातले, खांब नको असलेले लोक चौकशी करू लागले. भाडेपट्टा घ्यायचा तर काही वर्षं परवाना जवळ असावा लागतो, आणि गावात गेरहार्डखेरीज तसा एकच माणूस होता. गेरहार्डनं त्याला दवाखान्यात बोलावून घेतलं.

काका म्हणाले, "मी मांस खात नाही."

"म्हणून तर. तुला हाव सुटणार नाही."

"लोक हसतील."

"हसतातच आहेत," गेरहार्ड म्हणाला.

काकांनी सही केली. तेव्हा त्यांना वाटलं होतं, आता बदकं वाचली. ते खरंही झालं. बदकांच्या शिकारीची वेळ आली की या वर्षी संख्या जरा कमी दिसते, शिकार नको, असं काका जाहीर करतात. पण शिवार म्हणजे नुसती बदकं नव्हेत. रानडुकरं मका उलथून टाकतात आणि शेतकरी काकांच्या नावानं शंख करतात. हरणांची संख्या आटोक्यात ठेवायची जबाबदारी त्यांची. त्यासाठी त्यांनी तरुण शिकारी हाताशी धरले आहेत. ते मारतात आणि काका त्यांच्या गोळ्या तांब्याच्या आहेत ना हे तपासतात. एक काम मात्र ते दुसऱ्यावर सोपवत नाहीत. रस्त्यावर गाडीखाली येऊन अर्धमेलं पडलेलं जनावर असलं, की पोलीस भाडेपट्टेदाराला, म्हणजे काकांना, फोन करतात; त्याला यातनेतून सोडवायचं ते त्यांनीच.

गेल्या वसंतात मी एका रविवारी त्यांच्याकडे जेवायला गेलो होतो. गेरहार्डही होता, त्याला डाव्या हातानं वरणभात कालवता यायला लागला होता आणि त्याचं त्याला कौतुक होतं. काका मला आल्टराइनवर यंदा आलेल्या कुठल्याशा नव्या बदकांबद्दल सांगत होते, तेवढ्यात फोन वाजला. त्यांनी ऐकून घेतलं, "गेनाऊ, गेनाऊ," म्हणजे बरोबर, असं म्हणाले आणि उठले. पुलाजवळच्या वळणावर हरिण, मागचे पाय गेलेले. त्यांनी हात धुतले, कपाट उघडलं, मफलर नीट केला. काकूंनी त्यांच्या पानावर दुसरं ताट झाकलं. गाडी गेल्याचा आवाज आला.

मी काकूंना विचारलं, हे अजून स्वतःच जातात?

"हेच जातात."

"आल्यावर काही बोलतात?"

"नाही. मी विचारतही नाही," काकू म्हणाल्या. "जनावर आधीच गेलेलं असलं तर नुसते हातपाय धुतात आणि पानावर बसतात. नसलं तर आधी आंघोळीला जातात. तेवढ्यावरून मी वाढायचं की थांबायचं ते ठरवते."

आम्ही तिघं बसून राहिलो. गेरहार्डला मराठी कळत नव्हतं, पण त्यानंही चमचा खाली ठेवला होता. थोड्या वेळानं गाडी आली, दार वाजलं, कपाटाचं कुलूप फिरलं. मग वरच्या जिन्यावर पावलं वाजली आणि न्हाणीघरात पाणी पडायला लागलं.

काकू उठल्या आणि त्यांनी भात पुन्हा गॅसवर ठेवला.